मणी कापून बघणाऱ्या मॅडमना

मॅडम,

नाव छापलं तर रागवाल, म्हणून नुसतंच मॅडम.

कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारा पदार्थ) आणि मॅग्नेटाइट (चुंबकीय लोह-ऑक्साइड) यांचे ते काळे मणी सांडपाण्यातलं विषारी षट्संयुजी क्रोमियम धरून ठेवायला केले होते. तुमच्याआधी ते एका प्रयोगशाळेत पृष्ठफळ मोजायला दिले. तिथे कुणी काही विचारलं नाही, ओले मणी सरळ १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये सारले आणि एका ओळीचा निकाल पाठवला: नमुना सच्छिद्र नाही. फोन केला तर, ‘मशीन खोटं बोलत नाही.’ बरोबर आहे. पण मशीनसमोर ठेवलं काय होतं, ते कोण बघणार?

तुम्ही बघितलंत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवायच्या छोट्या चकतीवर, म्हणजे स्टबवर, नमुना चिकटवण्याआधी तो मणी बोटांत फिरवलात आणि विचारलंत, ‘ओला असताना केवढा होता हो हा?’ मग ब्लेड घेऊन मधोमध कापलात. मी काही तसं सांगितलं नव्हतं, फॉर्मवरही फक्त बाहेरच्या पृष्ठभागाचा फोटो लिहिला होता. वरून चकचकीत घट्ट कातडी, आत भिंतीला भिंत चिकटलेली. पाणी उडून जाताना पृष्ठताणानं छिद्रं ओढून मिटवली होती.

उरलेले ओले मणी तुम्हीच मागवलेत आणि गोठवून निर्वातात वाळवून घेतलेत. बर्फाची थेट वाफ होते, भिंती ओढायला द्रव उरतच नाही. त्याच घाण्यातला मणी पुन्हा कापलात तेव्हा पडद्यावर काठापासून गाभ्यापर्यंत नुसती जाळी! आम्लधर्मी पाण्यात कायटोसानच्या अमिनो गटांवर धनप्रभार येतो आणि ऋणप्रभारी क्रोमेट, म्हणजे पाण्यातलं तेच क्रोमियम, तिथे चिकटतं, हे आम्हाला पाठ असतं. पण क्रोमेटला आत शिरायला वाट मोकळी हवी की नको?

आकडा देणारे पुष्कळ भेटतात. त्याआधी वस्तू हातात घेऊन बघणारी माणसं विरळा, आणि त्यांच्या खोलीत आमच्यासारख्यांना प्रश्न विचारायची भीती वाटत नाही, हे फार मोठं आहे.

खऱ्या सांडपाण्यात आता सल्फेट येऊन क्रोमेटची जागा अडवतंय. ते भांडण माझं मी बघते. पण शोधनिबंधात तुमचं नाव आभारांच्या ओळीत नको, लेखकांत हवं, असं मी मार्गदर्शकांना सांगून टाकलंय. नाही म्हणू नका.