अशोकाची साल कुठल्या खिडकीवर आणून देऊ?

प्रति,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: आयुर्वेदिक औषध खरे की खोटे, हे ग्राहकाला तपासून मिळण्याबाबत

महोदय,

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या कुंपणाला नऊ अशोक आहेत, सरळसोट, भाल्यासारखे. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवताना दर जूनमध्ये नव्या वर्गाला मी एकच गोष्ट सांगायचे: बाळांनो, हा अशोक नव्हे. हा खोटा अशोक. खरा तो सीता-अशोक, पसरट डेऱ्याचा, उन्हाळ्याच्या तोंडावर नारिंगी-लाल झुबक्यांनी भरणारा. तो दाखवायला मी मुलांना राणीच्या बागेत नेत असे.

गेल्या वर्षी वैद्यांनी सुनेला काढ्यासाठी अशोकाची साल सांगितली. भुलेश्वरच्या एका काष्टौषधीच्या दुकानातून पाव किलो आणली. "कुठला अशोक?" असे मी विचारले. "बाई, अशोक म्हणजे अशोक," दुकानदार म्हणाला. मला त्याचा रागही आला नाही. त्यालाही ती पोत्यातूनच मिळाली होती. सीता-अशोक जंगलात कमी होत चालला आहे, आंतरराष्ट्रीय यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. सालीला मागणी मात्र कमी नाही. मग सालीच्या पोत्यात खोटा अशोक शिरतो, हे आयुर्वेद शिकणाऱ्या मुलांनाही ठाऊक असते.

निदान साल डोळ्यांनी पाहता तरी येते. तीच उकळून, गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवली, की अशोकारिष्टाच्या बाटलीत काय उतरले ते प्रयोगशाळेशिवाय कळणार नाही. शिक्षिकेलाही नाही आणि वैद्यांनाही नाही.

"लेबल वाचा," असे आम्हाला नेहमी सांगतात. मी वाचते. परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता. शास्त्रोक्त औषध असेल तर ग्रंथाचे नाव, म्हणजे अशोकारिष्टावर भैषज्यरत्नावली. कंपनीचे स्वतःचे मिश्रण असेल तर ते 'प्रोप्रायटरी'. त्याच फळीवर शेजारी चौदा आकडी अन्न परवान्याची बाटली असते. ते औषध नव्हेच, अन्न आहे. 2022 पासून 'आयुर्वेद आहार' असा वेगळा वर्गही आला. दोन्हींवर हिरवे पान तेच आणि 'शंभर टक्के हर्बल' तेच. काही जण 'आयुष मंत्रालय मान्य' असेही छापतात. मंत्रालय तशी मान्यता देत नाही, परवाना राज्य देते. महाराष्ट्रात तो आपल्याच खात्याकडून मिळतो, म्हणून हे पत्र आपल्याला.

पण लेबलावरचा क्रमांक खरा आहे, हे मी कसे ओळखावे? छापखान्याला काय, कुठलेही आकडे छापता येतात. अ‍ॅलोपॅथीच्या 300 ब्रँडवर 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला. औषधविक्रेत्याला परवाना लागतो, फार्मासिस्ट लागतो. आयुर्वेदिक औषध मात्र पानाच्या टपरीवरही विकता येते, कारण निव्वळ विक्रीसाठी परवाना लागतच नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'मधुमेह मुळासकट बरा' या कागदांबद्दल लिहायला बसले तर दुसरे पत्र होईल. अशा जाहिरातींना बंदी घालणारा 1954 चा कायदा त्यासाठीच आहे, एवढेच म्हणते.

माझी खरी तक्रार पुढे आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940. त्यातल्या कलम 26 प्रमाणे कोणीही ग्राहक ठरलेले शुल्क भरून आपण विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याला सही केलेला अहवाल मिळतो. फार थोड्यांना हे माहीत असते. मलाही वकील भाच्याने सांगितले. त्यानेच पुढचेही सांगितले: हे कलम ज्या प्रकरणात आहे, ते आयुर्वेदिक औषधांना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण, 4-अ. त्यात भेसळ आहे, बनावट आहे, शिक्षा आहे. निरीक्षक आणि विश्लेषकांची कलमेही जुन्या प्रकरणातून तिकडे जोडून घेतली. ग्राहकाचे कलम 26 तेवढे जुन्या प्रकरणातच राहिले. तापाची गोळी मी तपासून मागू शकते, अशोकारिष्ट नाही!

यात जिवाचाही प्रश्न आहे. करोनाच्या काळात आमच्या इमारतीत घरोघरी गुळवेल उकळत होती. पुढे मुंबईतल्याच डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात, जिच्या खोडावर गाठी-गाठी असतात, ती वापरली गेली असेल. वाद अजून चालतो. पण त्या रुग्णांनी काय प्यायले, हे तेव्हाच्या तेव्हा तपासले गेले असते तर वादाला जागा कमी उरली असती. गाठाळ खोड माझ्या शेजारणीने ओळखावे, ही अपेक्षा जास्तच आहे. तिने तर गुळवेलीची गोळी आणली होती, गोळीला खोड नसते.

कायदा केंद्राचा आहे, हे मला कळते. कलम 26 आयुर्वेदाला लागू करा, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या खात्याने दिलेले आयुर्वेदिक परवाने दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर मराठीत तपासता यावेत, उत्पादनाच्या नावासकट. आणि वांद्र्याच्या मुख्यालयात ग्राहकाकडून शुल्क घेऊन नमुना स्वीकारणारी एक खिडकी असावी. शुल्क भरायला मी तयार आहे. पेन्शन मिळते.

ती पाव किलो साल मी सुनेला दिली नाही. वर्तमानपत्राच्या पुडीत, पावतीसकट, कपाटात ठेवली आहे. कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता आणून द्यायची, तेवढे कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मुलुंड (पूर्व)