डाकू नव्हे, बागी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील डाकूपटांवरच्या लेखात ‘सोनचिडिया’ (२०१९) या हिंदी चित्रपटाची बोळवण दोन ओळींत झाली. ‘घोडे नसलेला वेस्टर्न’ (म्हणजे हॉलीवूडच्या घोडेस्वार-बंदूकधाऱ्यांच्या चित्रपटासारखा, पण घोड्यांविना) आणि ‘नायकाची शरणागतीची भाषा पटत नाही’, एवढंच. दोन्ही आक्षेप चंबळच्या खोऱ्यातलं वास्तव बाजूला ठेवून घेतलेत, म्हणून हे पत्र.

घोड्यांचं आधी. चंबळच्या टोळ्या पायीच फिरत. बीहड म्हणजे पावसाच्या पाण्यानं चिरत नेलेली भुसभुशीत गाळाची माती. अरुंद घळी, उभे कडे, माथ्यावर काटेरी झुडपं. तिथं घोडा चढत नाही, शिवाय त्याची धूळ लांबून दिसते. दिग्दर्शक अभिषेक चौबे यांनी माणसांना चालवत ठेवलं, हे अगदी बरोबर केलं.

दुसरा आक्षेप मला जास्त लागला. कथा १९७५ची, आणीबाणीच्या सुरुवातीची. त्याच्या तीनच वर्षं आधी, एप्रिल १९७२ मध्ये, मुरैना जिल्ह्यातल्या जौरा इथं जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहर सिंह, माधो सिंह यांच्यासारख्या नामचीन सरदारांनी बंदुका ठेवल्या होत्या. त्याही आधी, मे १९६० मध्ये आपल्या विनोबांपुढे २० जणांनी. त्याची सुरुवात झाली फाशीच्या कोठडीतून तहसीलदार सिंह यांनी विनोबांना लिहिलेल्या पत्रानं. हे तहसीलदार सिंह म्हणजे १९५५ साली मारल्या गेलेल्या चंबळच्या टोळीप्रमुख मानसिंहाचा मुलगा. चित्रपटातल्या सरदाराचं नावही मानसिंहच आहे. तेव्हा चित्रपटाचा नायक लखना याच्या मनात शरण जायचं येतं, ते पटकथेच्या सोयीसाठी नव्हे. त्या काळी प्रत्येक टोळीत हा प्रश्न उभा असणारच.

त्याच टोळीतल्या वकील सिंहाला ते मान्य नाही, कारण तो स्वतःला डाकू समजतच नाही. डाकू हा पोलिसांच्या कागदावरचा शब्द. बीहडात उतरलेला माणूस स्वतःला बागी म्हणवतो. जमिनीच्या वादातून, जातीच्या वैरातून बंड केलेला. बागीला धर्म असतो, असं तो मानतो. मग त्याच बागींच्या गोळीनं लहान मुलं मेली असतील तर त्या धर्माचं काय करायचं? सगळा चित्रपट या गाठीभोवती फिरतो. सुरुवातीलाच वाटेत कुजलेला साप पडलेला दिसतो, अंगावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि बंदुका घेतलेली धडधाकट माणसं त्याच्यापुढे थबकतात. पोलिसांना न घाबरणारी ही माणसं पापाला किती घाबरतात, ते तिथंच कळतं. ठाकूर-गुर्जर वैर आणि त्या वैराखाली चिरडलेल्या बायका यांवर तर वेगळा लेख व्हायला हवा.

वाचकांसाठी एक सूचना. संवाद बुंदेली वळणाचे आहेत, सबटायटल लावूनच पाहा. ‘पकड’ म्हणजे खंडणीसाठी पळवून आणलेला माणूस आणि ‘मुखबिर’ म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, एवढं माहीत असलं तरी निम्मे प्रसंग उलगडतात.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख आला, तर त्यात १९६० आणि १९७२ या दोन्ही शरणागतींचा उल्लेख जरूर यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक