काना-मात्रा परत आणून देणाऱ्या मुलीला

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. जाताना "काकू, माझं नाव कुठे घालू नका हं" असं बजावून गेलीस, म्हणून हे पत्र बिननावाचं. सातारची आहेस आणि चार दिवस मावशीकडे राहायला आली होतीस, एवढंच सांगते. आभार मानायला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले, दोन्ही वेळा डोळे भरून आले आणि उठले.

आमचे नाना सांगलीच्या गणपती पेठेत एका आडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर हळदीच्या पट्ट्या लिहायच्या आणि रात्री त्याच शाईनं इथल्या साप्ताहिकासाठी लेख. बाजार, कृष्णेचं पाणी, हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं, मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर, जे डोळ्यांसमोर येईल त्यावर लिहायचे. त्यांच्या मागे कात्रणांची ट्रंक राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ती ट्रंक माळ्यावर होती, तरी तळाची कात्रणं भिजलीच. दोऱ्यांवर वाळत घातली आणि मग दोन वर्षं एका बोटानं टाइप करत बसले. लेख भरले ३८७. आता कुठल्या लेखात काय आहे याची शब्दसूची हवी होती. पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशी.

त्यासाठी एका मोठ्या शहरातल्या मंडळींना मी आठ हजार रुपये आगाऊ दिले. तीन महिन्यांनी यादी आली. पहिला शब्द 'हळद', बरोबर. दुसरा 'गल'. मग 'रज', मग 'आयर'. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण ही भाषा काही ओळखू येईना. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, मराठीत असंच येतं. हवं तर सगळं आधी इंग्रजीत भाषांतर करून घ्या, मग छान होईल." नानांचं 'पेव' इंग्रजीत कसं करणार, असं विचारलं, तर म्हणे, "ते टूल बघून घेईल."

तू ती यादी हातात घेतलीस, दोन मिनिटं पाहिलीस आणि खुदकन हसलीस. "काकू, 'गल' म्हणजे सांगली." मला वाटलं, थट्टा करतेयस. मग कागदावर स, ग, ल लिहून दाखवलंस. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत शब्द ओळखायच्या नेहमीच्या नमुन्यात शब्दातलं अक्षर म्हणून जे धरतात, त्यात आपले काने, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार बसतच नाहीत. तिथे शब्द तुटतो आणि एकटं उरलेलं अक्षर फेकलं जातं. मिरजेचं 'रज' झालं ते असं. 'हळद' वाचली, कारण तिच्यावर काना-मात्रा काही नाही, आणि 'आडत'ही त्याच पुण्याईवर तरली. 'पेव' मात्र अख्खं गेलं. सांगलीचं निदान 'गल' तरी उरलं, तुझं सातारा मुळासकट गायब! वर्गात काना विसरणाऱ्या पोरांना मी पट्टी मारत असे. आठ हजार घेणाऱ्यांना काय मारावं?

तू नमुन्यात देवनागरीचा सगळा पट्टा घातलास आणि माझ्या डोळ्यांदेखत सांगलीची सांगली झाली. पुढचं काम अगदी साध्या लायब्ररीवर, म्हणजे तयार मिळणाऱ्या प्रोग्रामवर, केलंस. २०१० सालची 'रेक' नावाची रीत आहे म्हणालीस. 'आणि', 'पण', 'तर', 'आहे' असले बिनकामाचे शब्द आणि विरामचिन्हं आली की वाक्य तोडायचं, मध्ये उरेल तो तुकडा सूचीसाठी उमेदवार. मला ती लगेच पटली, नाना असंच गहू पाखडायचे. बिनकामाच्या शब्दांची मराठी यादी मात्र तयार घेतली नाहीस, माझ्याकडूनच लिहून घेतलीस. दुसरी रीत सांगितलीस ती १९७२ सालची, केरन स्पार्क जोन्स नावाच्या ब्रिटिश बाईंची. जो शब्द सगळ्याच लेखांत आहे त्याला कमी वजन, मोजक्या लेखांत असेल त्याला जास्त. आमच्याकडे त्या साली दुष्काळ होता, आम्ही सुकडी खात होतो आणि तिकडे एक बाई शब्दांची वजनं करत होती.

'पेव', 'पेवात', 'पेवाची' हे तुझ्या यंत्राला तीन वेगळे शब्द वाटत होते. तू प्रत्यय छाटायला सांगितलेस, तर त्यानं 'शेत'चं 'शे' केलं आणि 'भात'चा 'भा'. तेव्हा कुठे मला माझं सामान्यरूप शिकवता आलं. वहीत तक्ता काढून दिला, आणि तू तो मान खाली घालून उतरवून घेतलास, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात जास्त वेळा आलेले तुकडे तू पडद्यावर आणलेस. सगळ्यात वर 'बरं का'. ६४१ वेळा. नानांची सवय ती, बोलतानाही आणि लिहितानाही. "हरिपूरची माती निराळी, बरं का, म्हणून पेवात हळद टिकते." दोन्हीकडे स्वल्पविराम, त्यामुळे यंत्रानं तो तुकडा जसाच्या तसा उचलला होता. तू सवयीनं म्हणालीस, "हे बिनकामाचं, काढून टाकते," आणि बोट कळीवर नेलंस. मी काहीच बोलले नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. बोट तसंच अधांतरी राहिलं. मग हलकेच विचारलंस, "काकू, हे नाना बोलायचे का?"

मी मान हलवली. तू सूचीतून ते काढलंस, काढायलाच हवं होतं. पण आधी एक वेगळी फाइल उघडलीस, तिला 'नानांचं बोलणं' असं नाव दिलंस आणि ती ६४१ च्या ६४१ वाक्यं त्यात उतरवलीस. मला न विचारता. वर म्हणालीस, "सूचीत नको, पण फेकायचं कशाला?"

हुशार माणसं हल्ली पैशाला पासरी मिळतात. मला भेटलेली सगळी हुशारच होती, आठ हजारवालीसुद्धा. पण समोरच्या म्हातारीचा चेहरा बघून हात आवरणारं माणूस मला फार वर्षांनी भेटलं. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग. हे कॉलेजात शिकवत नाहीत, घरातूनच येतं.

पैसे घेतले नाहीस, उलट स्वतःच कंदी पेढे घेऊन आलीस. सूची छापून झाली. 'हरिपूर'पुढे एकतीस लेख निघाले, त्यांत २००५ च्या पुरात पेवं बुडाली तेव्हाचे सहाही आहेत, मी ते हरवले समजत होते. 'नानांचं बोलणं' छापलं नाही, ते रोज रात्री थोडं थोडं वाचते.

पेढ्यांचा डबा माझ्याकडेच राहिलाय. रिकामा परत करायची आमच्यात पद्धत नाही, भडंग भरून ठेवलंय. मऊ पडायच्या आत ये.

तुझी,
सांगलीची काकू