धार तुटली तर पुन्हा पहिल्यापासून

संपादक महोदय,

नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊस या ज्यू केंद्रातील मृतदेहांसाठी इस्रायलहून ‘झाका’ या, हल्ल्यांतील व अपघातांतील मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक मुंबईत आले होते. ज्यू मृतांना नेहमी स्नान घालूनच पुरतात, असा पुष्कळांचा समज असतो. नैसर्गिक मृत्यूत ते खरे. ‘हेव्रा कादिशा’ या, मृतदेहाची दफनासाठी तयारी करणाऱ्या ज्यू मंडळाचे स्वयंसेवक आधी नखांखालचा मळसुद्धा काढतात, मग सुमारे २३ लिटर पाणी बादल्यांनी ओततात. पहिली रिकामी होण्याआधी दुसरी सुरू व्हायला हवी. धार तुटली की पुन्हा पहिल्यापासून! कफनाला खिसे नसतात. हत्या झालेल्यांना मात्र बहुधा स्नान नसतेच. प्राण जाताना वाहिलेले रक्त देहाचाच भाग, म्हणून रक्ताळलेल्या कपड्यांसकट दफन. फरशीवरचे रक्तही ‘झाका’चे लोक टिपून घेतात, तेही विनामोबदला.

– एक वाचक, ठाणे