तापणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट काढून टाकणे हा इलाज नव्हे

महोदय,

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी संपली, नौका पाण्यात उतरल्या, की थोड्याच दिवसांत भर समुद्रात इंजिन बंद पडल्याच्या आणि दुसऱ्या नौकेने टोचन करून बंदरात आणल्याच्या बातम्या येऊ लागतात. इंजिन का बंद पडले, हे मात्र त्यांत क्वचितच लिहिलेले असते. मिरकरवाडा बंदरात मरीन डिझेल इंजिनांची दुरुस्ती करणारा कारागीर या नात्याने सांगतो, की यातल्या अनेक नौकांचे दुखणे इंजिन तापण्याचे असते, ते बंदरातच ओळखता येण्यासारखे असते, आणि न ओळखता केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा कितीतरी महाग पडते.

बहुतेक यांत्रिक नौकांच्या इंजिनात पाण्याचे दोन वेगळे फेरे असतात. कूलंट मिसळलेले गोडे पाणी इंजिनाच्या आत फिरते आणि त्याने घेतलेली उष्णता हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून समुद्राचे खारे पाणी बाहेर घेऊन जाते. इंजिन तापले म्हणजे या दोहोंपैकी एक फेरा तरी अडला आहे, किंवा इंजिनावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार पडतो आहे. यातले नेमके काय झाले, हे तापमानाचा काटा केव्हा आणि कसा चढतो त्यावरून बरेचसे कळते. इंजिन बंदरात रिकामे चालू असतानाच काटा झपाट्याने चढला, तर आधी नौकेबाहेर पडणारी खाऱ्या पाण्याची धार पाहावी. धार नसेल किंवा बारीक असेल, तर तळाच्या जाळीला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी, गाळाने भरलेला गाळणीचा डबा किंवा पंपातला इम्पेलर (पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चक्र), यांपैकी काहीतरी सापडतेच. धार चांगली असूनही काटा चढत असेल, तर कूलंटची पातळी, कूलंटच्या पंपाचा पट्टा आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) तपासावा. बंदरात सारे ठीक, पण जाळे ओढताना पूर्ण जोर लावला की हळूहळू तापते, असे असेल तर हीट एक्स्चेंजर अर्धवट तुंबलेला असतो किंवा भार जास्त असतो. सोबत धुराड्यातून काळा धूर येत असेल, तर तळाला बसलेल्या शिंपल्या आणि नौका ढकलणाऱ्या पंख्यात गुंतलेली जाळ्याची दोरी आधी शोधावी. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील आणि पाणी बाहेर फेकले जात असेल, तरच हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधल्या सीलचा, संशय घ्यावा. प्रत्यक्षात सर्वांत आधी उघडले जाते ते हेडच.

बंदीच्या काळाचा इम्पेलरशी थेट संबंध आहे. नौका शाकारून ठेवलेली असताना त्याची रबरी पाती दोन महिने एकाच बाजूला वाकून पडतात आणि तशीच ताठरतात. त्यात कुणी इंजिन तपासायचे म्हणून नौका जमिनीवर असतानाच ते पाण्याशिवाय चालवले, तर ते रबर काही मिनिटांत जळते. गेल्या हंगामात एका नौकेचे हेड दोनदा उघडून, गॅस्केट बदलून झाल्यावर ते काम माझ्याकडे आले. पंपाचे झाकण काढले तर इम्पेलरची दोन पाती मुळापासून तुटलेली होती. तुटलेले तुकडे कुठे गेले, हे शोधल्याशिवाय नवा इम्पेलर बसवायचा नसतो. हीट एक्स्चेंजरचे टोकाचे झाकण उघडल्यावर ते दोन्ही तुकडे नळ्यांच्या तोंडाशी आडवे बसलेले दिसले, आणि त्यांच्याच शेजारी इतर धातू गंजू नये म्हणून बसवलेला, झिजून गळून पडलेला झिंकचा गोळाही अडकला होता.

थर्मोस्टॅटविषयी तर कळकळीने लिहावेसे वाटते. इंजिन तापले की तो काढून फेकण्याची पद्धत किनाऱ्यावर सर्रास आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे हीट एक्स्चेंजर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, बरेचसे पाणी हीट एक्स्चेंजरकडे न जाता तसेच इंजिनात परतते, आणि भार पडल्यावर इंजिन आणखी तापते. ज्या इंजिनांची रचना वेगळी आहे, ती गार चालतात. त्यांत डिझेल पुरते जळत नाही, कार्बन साठतो, ऑइल लवकर खराब होते आणि सिलिंडरचे आतले अस्तर, म्हणजे लायनर, झिजतात. संशय असेल तर थर्मोस्टॅट भांड्यात पाणी तापवून, त्यात बुडवून पाहावा. त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडू लागला नाही, तर नवा घालावा. धोक्याच्या घंटीची वायर तोडून ठेवणे तर निव्वळ जिवाशी खेळणे आहे. तापलेल्या इंजिनाच्या टाकीचे झाकण उघडणेही तसेच. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून वर उडते.

राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांतून नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनांची देखभाल यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. तो नवशिक्या तरुणांसाठी उपयुक्त आहे, पण वर्षानुवर्षे नौका चालवणारे तांडेल (नौकेचे प्रमुख) आणि इंजिनावरचे ड्रायव्हर पुन्हा वर्गात जाऊन बसणार नाहीत. म्हणून विभागाने जुलैमध्ये प्रत्येक मोठ्या बंदरात, मच्छीमार सहकारी संस्थांना सोबत घेऊन, केवळ इंजिन तापण्याच्या निदानावर दोन दिवसांचे प्रात्यक्षिक ठेवावे. प्रत्येक संस्थेकडे लेझरच्या ठिपक्याने नेम धरून इन्फ्रारेड किरणांवरून तापमान मोजणारे एक उपकरण असावे, म्हणजे नौकेवरचा काटा खरा बोलतो की सेन्सरची गंजलेली वायर त्याला खोटे बोलायला लावते, हे लगेच कळेल. आणि हंगामापूर्वीची तपासणी नौका पाण्यात उतरल्यावर, इंजिनावर किमान अर्धा तास भार देऊन व्हावी, अशी माझी विभागाला विनंती आहे.

— एक इंजिन कारागीर, मिरकरवाडा, रत्नागिरी