बोटीला बांधलेलं घरटं

ब्रिस्टल, 24 मे

प्रिय आई,
सा. न.

परवा फोन मध्येच तुटला तेव्हा बोट बुडाली असं तुला वाटलं म्हणे. आम्ही राहतो ती बोट पोलादी आहे, आत शिरलं की रेंज जाते. धड बोलायचं तर टपावर चढावं लागतं, आणि टपावर पाऊस. म्हणून पत्र. वाचून झालं की साताऱ्याला आजीकडे पाठव, तिलाही तुझ्यासारखेच प्रश्न पडलेत.

भरती आली की आम्ही वाहून जात नाही. कावी-कंबोई आठवतं? ओहोटीत शिवलिंगाचं दर्शन घेतलं, लगेच सगळ्यांना वर पिटाळलं, आणि बघता बघता महादेव पाण्यात. इथली ॲव्हन नदी त्याच जातीची. खाडीच्या तोंडाशी उधाणाला पाणी 12 मीटरच्या वर चढतं-उतरतं. पूर्वी ओहोटीला जहाजं चिखलात बसायची. मग 1809 साली दरवाजे घालून पाणी आत कोंडलं. जहाजं कायम तरंगती राहिली, म्हणून नाव फ्लोटिंग हार्बर. दाराबाहेर नदी पार तळाला जाते, नुसता चॉकलेटी चिखल उरतो. आत आमचं पाणी आपल्या बडोद्याच्या सूरसागर तलावासारखं गप्प.

मगरी नाहीत गं. विश्वामित्रीकाठच्या माणसाला पाणी दिसलं की आधी हेच सुचतं. मावशीच्या सोसायटीत 2024 च्या पुरात मगर शिरली होती हे मी शेजारच्या बोटवाल्या आजोबांना सांगितलं, तर ते हसले. फोटो दाखवला तेव्हा चहा खाली ठेवला. त्यांच्याकडे सांगण्यासारखं म्हणजे पाणमांजर, तेही पहाटे आणि नशीब असलं तर. मला अजून दिसलेलं नाही. पाणकावळे मात्र रोज खांबावर पंख पसरून बसतात, दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या छत्र्यांसारखे. आणि कुरव पक्षी एक नंबरचे चोर. जावयाच्या हातातला वडापाव (हो, मीच केलेला) परवा अर्धा गेला.

आता बाबांसाठी खास बातमी. वढवाण्याच्या तलावावर ते आपल्याला वारकरी पक्षी दाखवायचे ना, काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा? त्याच वारकऱ्याच्या जोडीने आमच्या बोटीच्या मागे, धक्का लागू नये म्हणून टांगलेल्या टायरवर घरटं बांधलंय. इथे काठाला दगडी भिंती, बोरू-लव्हाळं कुठून आणणार? मग मिळेल ते. मी खिडकीतून मोजलं: वाळकी पानं, चिप्सचं पाकीट, लाल स्ट्रॉ, प्लास्टिकचा काटा, बुटाची नाडी. नर एकेक वस्तू आणतो, मादी ती मानेने दाबून बसवते, नाही पटली तर उचलून टाकते. नाडी तीनदा काढली आणि तीनदा परत लावली. अगदी तू दिवाळीत आकाशकंदील लावतेस तशी. नाव वारकरी असलं तरी स्वभाव काही माळकऱ्याचा नाही. बदकं, हंस, दुसरे वारकरी, सगळ्यांशी दिवसभर भांडण.

घोळ असा की पक्षी बसलेलं घरटं इथे हलवता येत नाही. 1981 चा कायदा आहे तसा. घरटं आमच्या टायरवर, म्हणजे बोटही हलवता येत नाही. आणि बोट हलली नाही तर संडासाची टाकी रिकामी करायला पंपापर्यंत जाणार कशी? टाकी भरली तेव्हा अंडी होती सहा. तेव्हापासून आम्ही दोघं धक्क्यावरच्या सार्वजनिक संडासात जातो, रात्री दोनलाही, छत्री घेऊन. तुझा जावई म्हणतो, इतकं तर आईबाबांसाठीही केलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी पिल्लं बाहेर आली. सुंदर म्हणवत नाही: टक्कल पडलेलं लालभडक डोकं, गळ्याभोवती नारिंगी पिसं, जणू कुणी हळदकुंकू फासलंय. पाच होती. एक कुरवाने माझ्यादेखत नेलं. मी चमचा फेकून मारला, चमचा बुडाला, पिल्लू गेलंच. दिवसभर जेवण गेलं नाही. वारकरीण मात्र अर्ध्या तासात उरलेल्यांना शेवाळ भरवत होती, आणि एक फार मागे लागलं तर त्याच्या डोक्यावर चोच मारून गप्प केलं.

तिथे आपलं कोण आहे, असं तू विचारलंस. राजा राममोहन रॉय आहेत. 1833 मध्ये याच शहरात वारले, कॉलेज ग्रीनवर पुतळा आहे. मी येताजाता मान हलवते.

पापड पाठवू नकोस. बोटीत इतका दमटपणा की दोन दिवसांत वातड होतात. खिडक्यांच्या काचा सकाळी आतून पुसाव्या लागतात. गोडा मसाला पाठव, पण घट्ट झाकणाच्या डब्यात.

पिल्लं पोहायला लागलीत, पण रात्री झोपायला घरट्यातच येतात. म्हणजे अजून काही दिवस छत्री.

तुझी,
मनू