तो आवाज फटाक्याचा नव्हता

संपादक महोदय,

जुन्या नागपुरातील आमच्या गल्लीत, भररस्त्यात मांडव टाकून रंगलेल्या नाचगाण्यात कुणीतरी हवेत झाडलेली गोळी एका तरुणाच्या जिवावर बेतली. आवाज आम्हा सर्वांना फटाक्याचाच वाटला. डीजे आणखी दोन गाणी वाजत राहिला आणि तर्रीच्या पातेल्याजवळ तो कोसळलेला पोरगा बराच वेळ कुणाच्या ध्यानातही आला नाही. त्याची एक चप्पल सकाळपर्यंत नालीच्या काठावर तशीच पडून होती.

शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, लग्नात, धार्मिक स्थळी वा सार्वजनिक समारंभात इतरांचा जीव धोक्यात येईल असा बेदरकार गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि त्यासाठी कुणी जखमी होण्याची वाट पाहावी लागत नाही. हे आमच्या गल्लीत किती जणांना ठाऊक होते? मलाही नव्हते, याची मला मनापासून लाज वाटते.

ध्वनिक्षेपकाची परवानगी देताना आयोजकांकडून शस्त्रबंदीचे हमीपत्र घ्यावे, परवानाधारकांची काडतुसे मोजावीत आणि देशी कट्टा नेमका कुठून आला याचा माग शेवटपर्यंत काढावा, अशी पोलिसांना कळकळीची विनंती आहे. कट्टा दिसताच ११२ क्रमांकावर कळवणे मात्र आपल्याच हाती आहे. त्या रात्री तो कमरेला खोचलेला दिसूनही आम्ही गप्प बसलो होतो.

– एक रहिवासी, नागपूर